भिंतीखालून

गिरणीचा पहिला झटका शिंपिणीला बसला. तिने धान्याचा डबा पत्र्याच्या नसराळ्यात रिकामा केला, तळ थोपटण्यासाठी दुसरा हात पत्र्यावर टेकला आणि "अगं बाई गं" करत ती दोन पावले मागे गेली. डबा हातातून सुटून दारापर्यंत गडगडत गेला.

"मुंगी चावली की काय गं?" बोटे झटकत तिने विचारले.

गिरणी चालवणाऱ्या धाकट्या सुनेने, धाकटीने, खटका पाडला. पट्टा फडफडत थांबला. तिने हाताची मागची बाजू पत्र्याला हलकेच लावून पाहिली. काही नव्हते. गिरणी पुन्हा चालू करून तसाच हात लावला, तेव्हा बारीक चुणचुण मनगटापर्यंत चढली. हाताची मागची बाजू लावायची, हे तिला थोरल्या दिराने शिकवले होते. तळवा लावला तर बोटे मिटतात आणि सुटत नाहीत.

"मुंगी नाही ताई. मोटरचा करंट उतरतोय पत्र्यावर."

"मग पीठ पण करंटचंच देणार का? आमच्या ह्यांना तेवढंच हवंय, सकाळी उठवत नाही त्यांना."

दोघी हसल्या. शिंपीण गेल्यावर धाकटीने सरपणातली एक जाड फळी आणून गिरणीसमोर टाकली आणि रबरी चपला घालून त्या फळीवर उभी राहिली. आता हात लावला तरी काही जाणवत नव्हते. पण करंट गेला नव्हता. फक्त तिच्यातून जमिनीत उतरायला त्याला वाट राहिली नव्हती.

हे सगळे थोरल्याला सांगितले असते तर अर्ध्या तासाचे काम होते. तो गावातला एकुलता एक वायरमन. कुणाचा पंखा घरघरला, होल्डरमध्ये ठिणगी उडाली, दिवा मिणमिणू लागला की लोक त्याच्याच दाराशी येत. तो राहायचा पंधरा हातांवर, पण मध्ये भिंत होती.

भिंत मागच्या सुगीनंतर उभी राहिली. वडील गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतले. रस्त्याकडची खोली आणि गिरणी धाकट्याला, मागचे अंगण आणि दोन खोल्या थोरल्याला. गिरणी थोरल्याच्या कमाईतून आली होती, ती धाकट्याला का जावी, यावरून सुरू झालेले बोलणे बापाच्या आजारपणात कुणी किती केले इथपर्यंत गेले. थोरल्याने लग्न केले नव्हते. धाकटा ते चारचौघांत बोलून गेला. दुसऱ्या दिवशी थोरल्याने दोन्ही घरांची वायरिंग वेगळी केली आणि जाता जाता उतरलेला करंट जमिनीत नेणारी अर्थची वायरही कापली. अर्थिंगचा खड्डा त्याच्या अंगणात होता.

"तुझा खड्डा तू खण," तो भावाला म्हणाला. "यापुढे माझी पक्कड या भिंतीपलीकडे येणार नाही."

"नको येऊ दे. तुझ्यावाचून काय अंधार पडणार नाही."

खड्डा खणायचा राहून गेला. मग उन्हाळा आला. नळाला चौथ्या दिवशी, तेही तासभर पाणी येऊ लागले आणि जमीन अशी आवळली की खुंटी ठोकायची म्हटले तरी तास जावा.

सासू थोरल्याकडे राहायची आणि दोन्हीकडे वावरायची. दुपारी बोळातून वळसा घालून यायची आणि गिरणीच्या दारात बसून उडालेले पीठ कुंच्याने गोळा करायची. 

"माझे दोन मुलगे," ती गिऱ्हाइकांना सांगे, "एकाला कान नाही, दुसऱ्याला तोंड नाही. आणि दोघांचा टपालवाला मी, या गुडघ्यांनी."

झटक्याची गोष्ट ऐकून ती लगेच उठायला लागली. "सांगते त्याला. आईचं ऐकेल."

"आई, नको," धाकटा आतून म्हणाला. तो गिरणीच्या दगडाला टाकी लावत होता. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "जगात दुसरे वायरमन मेले नाहीत."

मेले नव्हते, पण मिळतही नव्हते. बाहेरच्या रस्त्यावरच्या खांबावर रंगाने एक फोन नंबर लिहिलेला होता, खाली 'सर्व प्रकारची घरगुती वायरिंग'. धाकटीने तो लावला. पलीकडच्या माणसाने गाव विचारले.

"तिथं तुमचा वायरमन आहे की."

"ते येत नाहीत आमच्याकडे."

"का?"

"घरगुती आहे."

"मग बाई, मीही येत नाही. आज मी त्याच्या गावात शिरलो तर उद्या तो माझ्या गावात शिरेल. आमचं एकमेकांचं ठरलेलं असतं."

दुसऱ्याने उद्या येतो म्हणून सांगितले आणि पुढे फोन उचलला नाही. तोवर शिंपिणीने गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट गावभर झाली होती. बायका डबे लांबूनच धाकटीच्या हातात देऊ लागल्या. काहीजणी पुलापलीकडच्या गिरणीकडे वळल्या. रोजच्या चाळीस डब्यांचे पंचवीस झाले, मग अठरा. त्यात फ्यूज दोनदा उडाला. धाकट्याने तिसऱ्या वेळी तार दुहेरी करून बसवली.

"दुहेरी नका बसवू," ती म्हणाली. "काही झालं तर तार वितळायला हवी. तेच तिचं काम."

"आणि दिवसातून चार वेळा गिरणी थांबवणं हे माझं काम का?"

शेवटी बाजाराच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानातून एक जण यायला तयार झाला. काहीही विचारले की तो टेस्टर लावून आधी "फेज आहे" म्हणायचा, म्हणून दुकानात सगळे त्याला फेजच म्हणत. सायकलवर आला, घाम पुसला, गिरणीला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लालसर पेटला.

"फेज आहे," तो म्हणाला.

"ते आम्हालाही कळलंय," धाकटा म्हणाला. "घालवायचा कसा?"

फेजने मोटरचे झाकण उघडले. आत पीठ आणि तेल मिळून काळपट लगदा झाला होता. त्याने तारांच्या वेटोळ्यावरचा लगदा काडीने खरवडला आणि वास घेतला.

"वेटोळ्याचं वार्निश भाजलंय. इथून थोडाथोडा करंट बॉडीवर येतोय. आज थोडा. उद्या पूर्ण येईल. मोटर भरून घ्यावी लागेल."

"किती दिवस?"

"दहा तरी. आणि अर्थिंग कुठाय तुमचं?"

फेजने भिंतीकडे पाहिले, जमिनीजवळ कापलेल्या हिरव्या वायरचे टोक पाहिले. त्याला बहुतेक सगळे कळले.

"छातीएवढा खड्डा खणा. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, आणि आठवड्याला दोन बादल्या पाणी. खड्डा झाला की मला कळवा, मी जोडून देतो. तोवर गिरणी चालवू नका." सायकलवर बसता बसता तो धाकटीला वेगळे म्हणाला, "आणि ती फ्यूजची तार तेवढी एकेरी करा."

दहा दिवस गिरणी बंद म्हणजे राहिलेले अठरा डबेही पुलापलीकडे. धाकट्याने मोटर भरून घेणे पुढे ढकलले आणि खड्ड्याला हात घातला. घरासमोरच्या पट्टीत त्याने पहार मारली. पहार खणकन उडाली आणि त्याच्या दंडापर्यंत हादरा गेला. पहिल्या दिवशी वीतभर. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. खाली तांबडा मुरूम लागला, त्याच्याखाली दगड. तळहाताचे फोड फुटून पहारीला ओल लागली. येणारे-जाणारे थांबत.

"विहीर काढतोस का रे?"

"पाणी लागलं तर आम्हाला पण सांग हो."

धाकटा मान वर करत नव्हता. थोरला आपल्या गच्चीवर कपडे वाळत घालताना हे पाहत होता. संध्याकाळी सासू निरोप घेऊन आली.

"तो म्हणतो, कोरडं खणू नको. चार बादल्या ओतून दिवसभर भिजू दे, मग सुटेल."

"चार बादल्या? त्याच्या अंगणातून आणू का?"

"नेशील तर देईल. मी सांगते त्याला."

"मला शिकवू नको म्हणावं."

सासू उंबऱ्यावर टेकली. तिने मुलाचा हात ओढून उजेडात धरला, फोड पाहिले आणि पदराने त्यांच्यावरची माती टिपली. त्याने हात काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने पहार फेकली. आत येऊन वायरचे वेटोळे काढले आणि एक टोक गिरणीच्या पायाच्या बोल्टला आवळले.

"दुसरं टोक धर," तो धाकटीला म्हणाला. "नळाच्या पाइपला बांधू. दादानंच शाळेत बांधली होती अशी, मी होतो बरोबर."

"तेव्हा ते तात्पुरतं होतं. आठ दिवसांत त्यांनी खड्डा केला होता."

"आपलंही तात्पुरतंच. पाऊस पडला की खणतो."

धाकटी पाइपजवळ उकिडवी बसली. कोपऱ्यातून येणारा लोखंडी पाइप त्यांच्या नळाशी वर यायचा आणि मग भिंतीखालून पलीकडे जायचा. भिंत बांधताना गवंड्याने त्याच्यासाठी सोडलेले भोक तिने पाहिले होते.

"हा दादांकडं जातो," ती म्हणाली.

"जमिनीतूनच जातो ना? लोखंड जमिनीत पुरलंय. अर्थिंग म्हणजे आणखी काय असतं?"

पाइप किती पुरलाय, कुठल्या जमिनीत, ओल्या की कोरड्या, हे विचारायला हवे होते. तिने वर पाहिले. त्याचे ओठ फुटले होते आणि तळहाताच्या फोडांना लागू नये म्हणून तो वायर दोन बोटांच्या चिमटीत धरत होता. तिने टोक पाइपवर घट्ट धरले. त्याने पाच वेढे दिले आणि पक्कडीने पिळले.

गिरणी चालू केली. तिने फळीवरून उतरून चपला काढल्या आणि हाताची मागची बाजू लावली. चुणचुण गेली होती.

शिंपिणीला बोलावून मुद्दाम हात लावायला लावला. "मेली बिचारी मुंगी," ती म्हणाली, आणि तीही गोष्ट गावभर झाली. डबे परत आले. एकेरी तार बसवायची राहिली. फेजला कळवायचे राहिले. धाकटी सवयीने फळीवरच उभी राहायची.

नवव्या दिवशी सकाळी पाण्याची पाळी होती. आठ वाजता नळाने आधी हवा सोडली, मग पाणी. धाकट्याने भांडी भरून घेतली आणि कुणाच्या तरी ट्रॉलीवर मजुरीला गेला. दारात सात डबे होते. धाकटी दळत होती. ऊन आत्ताच पत्र्यावरून आत उतरत होते. मोटरचा आवाज मध्येच जरा जड झाला, पुन्हा सुरळीत झाला. पिठाच्या वासात तिला दुसरा एक वास आला, गरम रंगासारखा. हा डबा संपला की मोटर गार होऊ द्यावी असे तिने ठरवले.

मग तिला भिंतीपलीकडे पाणी ऐकू आले. बादली भरली की पाण्याचा आवाज बदलतो. तो बदलला, आणि तसाच चालू राहिला. पाणी बादलीच्या काठावरून फरशीवर पडत होते. या उन्हाळ्यात गावात कुणी पाणी असे सांडू देत नव्हते, आणि सासू तर नाहीच.

"आई!" धाकटीने हाक मारली. "आई, बादली भरली!"

पाणी पडतच राहिले.

ती बोळातून धावली. पलीकडचे दार नुसते लोटलेले होते. न्हाणीत सासू भिंतीला टेकून बसल्यासारखी पडली होती. लुगडे भिजले होते. उजवा हात वर होता आणि बोटे नळाच्या तोटीवर मिटलेली होती. तो हात बारीक थरथरत होता. बाकीचे शरीर स्वस्थ होते.

धाकटी दोन पावलांवर थांबली. पुढे केलेला हात तिने मागे घेतला. मग ती वळली आणि आली तशी बोळातून परत धावत गेली, गिरणीचा खटका पाडला आणि पुन्हा बोळातून पलीकडे आली. तोवर सासूचा हात तोटीवरून सुटून मांडीवर पडला होता. तळव्यावर पांढरट चट्टा होता. तिने सासूला ओढून कोरड्यात आणले, छाती दाबली, तोंडात फुंकले, पुन्हा दाबली. लोक आले, कुणीतरी जीप आणली. दवाखान्यातल्या डॉक्टरने मनगट धरले, डोळ्यांत बॅटरी मारली आणि थोरला कुठे गेला आहे ते विचारले. थोरला कुणाच्या तरी घरी पंखा बसवत होता.

धाकट्याला ट्रॉलीवर निरोप मिळाला. तो आधी घरी आला. पाइपवरचे पाच वेढे सोडवले, वायर गुंडाळून पोत्याखाली सरकवली आणि मग दवाखान्यात गेला.

"गिरणी बंद होती," संध्याकाळी तो धाकटीला म्हणाला. "दोन दिवस बंद होती. मोटर जळाली होती."

"सात डबे दारात होते. लोकांनी पाहिलेत."

"डबे असू देत. डबे बंद गिरणीसमोरही असतात."

तिसऱ्या दिवशी वीज ऑफिसातून माणूस आला. त्याने थोरल्याची न्हाणी, नळ, बोर्ड तपासले. कुठेच काही लागले नाही. धाकट्याच्या बाजूला तो आला तेव्हा गिरणी थंड होती, पाइप मोकळा होता. त्याने लिहिले, 'घरातील सदोष वायरिंगमुळे अपघात,' आणि चौकशी होईपर्यंत थोरल्याचे लायसन आपल्या पिशवीत टाकले.

"स्वतःच्या आईच्या न्हाणीत करंट सोडला," लोक बोलू लागले. "आणि आपल्या घरात याला हात घालू दिला आपण." शिंपिणीने घरातले सगळे खटके दोरीने ओढायला सुरुवात केली. एकाने थोरल्याने बसवलेला पंखा काढून त्याच्या ओट्यावर आणून ठेवला.

चौथ्या दिवसापासून भिंतीपलीकडे हातोडी सुरू झाली. आधी छिन्नीचे टकटक, मग प्लॅस्टर पडल्याचा आवाज, मग शांतता. पुन्हा टकटक. सकाळी, दुपारी, दिवेलागणीपर्यंत. धाकटी चुलीपाशी बसून ऐकत असे. आवाज भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकत होता.

"काय करतोय तो?" धाकटा म्हणाला.

"दोष शोधतायत."

"शोधू दे. थकेल."

"नाही थकणार. नाही सापडला तर पुन्हा पहिल्यापासून शोधतील."

धाकट्याने ताट सरकवले. "मग तू काय म्हणतेस? जाऊन सांगू? मी आईला मारलं म्हणून सांगू?" तो ओरडला नाही. त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते आणि फोडांच्या खपल्या तिला दिसत होत्या. ती बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. हातोडी चालूच होती.

सातव्या दिवशी सकाळी ती बोळातून पलीकडे गेली. घर ओळखू येत नव्हते. सगळ्या भिंतींना छतापासून खालपर्यंत चर पडले होते. वायरी ओढून जमिनीवर रंगांप्रमाणे लावल्या होत्या, लाल, काळ्या, हिरव्या. थोरला मध्ये बसून एकेक हात वायर बोटांतून सरकवत होता. केसांत चुना होता.

"दादा, तुमच्या वायरिंगमध्ये काही नाही."

त्याने वायर सरकवणे थांबवले नाही. "असणारच. आई मेली."

"गिरणीची अर्थ नळाच्या पाइपला बांधली होती. आमच्या बाजूनं."

आता त्याची बोटे थांबली. 

"कधीपासून?"

"त्याआधी आठ दिवस."

"फ्यूज?"

"दुहेरी तार होती."

"रस्त्यातला पाइप मागच्या वर्षी प्लॅस्टिकचा झाला," तो सावकाश म्हणाला, तिला नव्हे. "म्हणजे लोखंड फक्त तुमच्या नळापासून माझ्या नळापर्यंत. कोरड्या मुरमात. मोटरचं वाइंडिंग पूर्ण जळून बॉडीला लागलं की करंटचा सगळा दाब तोटीवर." त्याने हिशेब पुरा करून तिच्याकडे पाहिले. "तू इथं आलीस, तेव्हा आई जिवंत होती?"

"हात थरथरत होता. तो करंटनं की..." ती न्हाणीच्या दाराकडे वळली. "मी हात लावला नाही. आधी जाऊन गिरणी बंद केली."

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"बरोबर केलंस. हात लावला असतास तर दोघी गेल्या असत्या." हे तो ज्या आवाजात शिकवायचा त्याच आवाजात म्हणाला. मग त्याने तोंड भिंतीकडे केले. तिकडेच बघत म्हणाला, "टोक कुणी धरलं होतं?"

"मी."

"त्याला एकट्याला वायरचे वेढे देता येत नाहीत. लहानपणापासून." तो उठला. "ऑफिसात सांगशील?"

"सांगेन."

"मी सुटावं म्हणून सांगू नको. माझंही नाव घाल. वायर मी कापली होती."

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा धाकटा दारात उभा होता. तिने वायरचे वेटोळे पोत्याखालून काढून पिशवीत घातले होते. ते त्याने पाहिले. त्याने वाट अडवली नाही, दिलीही नाही. तिला अंग चोरून त्याच्या बाजूने जावे लागले.

"मागं कोण आहे माझ्या, ते तरी बघून जा," तो म्हणाला.

मागे गिरणी होती आणि रिकामी खोली. तिने बघितले आणि ती गेली.

वीज ऑफिसातल्या कारकुनाने तिला छापील अर्ज दिला. तक्रार कोणाविरुद्ध, यापुढे एकच ओळ होती. तिने तिथे बारीक अक्षरांत तीन नावे बसवली. नवऱ्याचे, स्वतःचे, दिराचे. कारकुनाने चष्मा वर केला.

"हे तर ज्याचं लायसन काढलंय त्याचंच नाव. आणि हे तुमचं."

"हो."

"बाई, तुम्हाला कळतंय ना, यात पोलीस येतील? नवऱ्याला विचारलंय?"

"त्यांना माहीत आहे."

त्याने वेटोळे उघडून पाहिले. पिळलेल्या टोकावर पाइपचा गंज लागलेला होता. ते त्याने पुन्हा पिशवीत ठेवले आणि पिशवी अर्जाला दोऱ्याने बांधली. शिक्का हातात घेऊन तो थांबला.

"जरा बाहेर बाकावर बसा. विचार करा. मी जेवून येतो, मग मारू शिक्का."

"माझी गाडी एक वाजता आहे," ती म्हणाली. "त्याआधी मला पोच द्या."